अणुवीज, सौरवीज आणि रात्रीची पाळी

रब्बी सुरू झाली की हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात एक प्रश्न हमखास कानावर येतो : "या आठवड्यात लाइन दिवसाची हाय का रातची?" शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज आळीपाळीने मिळते. एका पाळीला दिवसा आठ तास, दुसऱ्या पाळीला रात्री दहा तास, हे वर्षानुवर्षांचे गणित. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला, गव्हाला, हळदीला पाणी द्यायला घरातला कर्ता माणूस स्वेटर चढवून, बॅटरी घेऊन शेतात जातो. ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावतो आणि अंधारात दारे धरत बसतो.

देशाची वीज अणूपासून घ्यावी की सूर्य-वाऱ्यापासून, हा वाद सध्या पुन्हा रंगला आहे. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट, म्हणजे एक लाख मेगावॅट, अणुवीज क्षमतेचे उद्दिष्ट जाहीर झाले. छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी रुपये ठेवले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महानिर्मितीने थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी रशियाच्या रोसाटॉमशी सामंजस्य करार केला. डिसेंबरमध्ये संसदेने 'शांती' विधेयक मंजूर करून या क्षेत्राची दारे खासगी कंपन्यांना उघडली. दुसरीकडे देशाची सौर क्षमता २०२५ च्या सुरुवातीलाच एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. दोन्ही बाजूंचे लोक दूरचित्रवाणीवर भांडतात ते प्रति युनिट दरावर, किरणोत्सारावर, फार तर कार्बनवर. वीज कोणत्या वेळी तयार होते आणि त्या वेळेप्रमाणे कोणाला जागावे लागते, हे त्या चर्चेत येत नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्याला मात्र तोच प्रश्न आधी भेडसावतो.

शेतीला रात्रीची वीज का मिळते, हे आधी समजून घेऊ. कोळशाचे औष्णिक केंद्र पंख्यासारखे बटण दाबून बंद-चालू करता येत नाही. बॉयलर थंड करून पुन्हा तापवायला वेळ लागतो, खर्च होतो आणि यंत्रणेची झीजही होते. त्यामुळे मागणी उतरली तरी संच काही एका पातळीच्या खाली नेता येत नाही. रात्री अकरानंतर शहरे झोपतात, दुकाने आणि कचेऱ्या बंद असतात. पण केंद्रे चालूच असतात. मग ही वीज खपवायची कुठे? महावितरणच्या एकूण वीजविक्रीत शेतीचा वाटा चौथ्या हिश्श्याहून अधिक दाखवला जातो (त्यात गळती किती मुरते, हा वेगळा वाद आहे). एवढा मोठा ग्राहक, आणि त्याला हवी ती वेळ देता येते. दिवसा कारखाने आणि शहरे, रात्री शेती अशी वाटणी त्यातून झाली. रात्रीच्या पाळीला दोन तास जास्त मिळतात, ते शेतकऱ्यावरच्या मायेने नव्हे.

अणुभट्टीचा स्वभाव या बाबतीत कोळशाच्या केंद्राचा सख्खा भाऊ आहे. एकदा चालू केली की महिनोन्महिने एकसारखी चालवायची, यातच तिचा फायदा. खर्च बहुतेक सगळा बांधकामाचा, इंधनाचा त्या मानाने किरकोळ. त्यामुळे भट्टी जितके तास बंद, तितके नुकसान. फ्रान्समध्ये अणुभट्ट्यांची वीज मागणीनुसार कमी-जास्त करतात, म्हणजे ते अशक्य नाही. पण अणुविजेचे सारे आर्थिक गणित मांडले जाते ते चोवीस तासांच्या हिशेबावर. म्हणजे मध्यरात्री दोनला वीज घेणारा कोणीतरी लागणारच. आजवर आपल्याकडे तो शेतकरी होता.

सौरवीज हे गणित उलटे करते. ती येते सकाळी नऊ ते पाचच्या दरम्यान, आणि तेव्हा खपवली नाही तर वाया जाते. राजस्थानात तर दुपारी तयार झालेली सौरवीज वाहून न्यायला वाहिन्या अपुऱ्या पडल्या म्हणून प्रकल्पांना उत्पादन कमी करावे लागले आहे. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली. कालपर्यंत दिवसाची वीज महाग आणि रात्रीची स्वस्त होती, आता दुपारची स्वस्त होते आहे. आणि दुपारी, लख्ख उन्हात, विहिरीवरची मोटर चालवायला शेतकरी केव्हाही तयार आहे. पाणी देणे हे काम असे आहे की तासभर मागे-पुढे झाले तरी बिघडत नाही, पण उजेडात झाले तर जीव वाचतो.

जीव वाचतो, हे शब्दशः खरे आहे. दहा लाख मृत्यूंच्या कारणांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासमालेतून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो, की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि बहुतेक ग्रामीण भागातली. हे सगळे दंश रात्री पाणी देताना झाले, असे कोणी म्हणणार नाही. पावसाळ्यातली खुरपणी, जमिनीवर झोपणे, सरपण काढणे ही कारणे मोठी आहेत. पण मण्यार हा साप निशाचर, तिचा दंश अनेकदा मुंगी चावल्याइतकाही जाणवत नाही आणि विष मज्जासंस्थेवर चढते. उंदरांच्या मागावर घोणस बांधावर असते. पाणी सोडले की बिळांत पाणी शिरते, उंदीर बाहेर, मागोमाग साप बाहेर, आणि नेमका तिथे माणूस अनवाणी उभा. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. त्यात प्रतिविष, प्रशिक्षण, नोंदणी यांवर भर आहे आणि तो योग्यच आहे. शेतीची वीज दिवसा देणे हाही त्या आराखड्याइतकाच आरोग्याचा उपाय आहे, एवढे मात्र ऊर्जा खात्याच्या फायलीत कुठे लिहिलेले नसते. (रात्री जावेच लागले तर गमबूट, हातात काठी, चांगला टॉर्च. दंश झाला तर चिरा देऊ नका, घट्ट आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. सरळ सरकारी दवाखाना गाठा, तिथे प्रतिविष मोफत मिळते.)

आता पाणी. अणुवीज असो की कोळशाची, शेवटी पाणी उकळून वाफेवर चाते फिरवायचे आणि वाफ पुन्हा थंड करायची. अणुभट्टीतली वाफ तुलनेने कमी तापमानाची, म्हणून तीन भाग उष्णतेतून जेमतेम एक भाग वीज निघते आणि उरलेली उष्णता पाण्यावाटे घालवावी लागते. समुद्रकिनारी प्रश्न नसतो. तारापूर, कुडनकुलम आणि नियोजित जैतापूर किनाऱ्यावर आहेत ते त्यासाठीच. आतल्या भागात मात्र मोठे शीतमनोरे लागतात आणि दर युनिटमागे ढोबळमानाने अडीच लिटर पाणी वाफ होऊन उडून जाते.

हा हिशेब हिंगोलीला लावून पाहा. एक हजार मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने दिवसभर चालले तर २ कोटी ४० लाख युनिट वीज, म्हणजे ६ कोटी लिटर पाणी रोज. वर्षाला जवळपास २२ दशलक्ष घनमीटर. औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ८१ दशलक्ष घनमीटर आहे. म्हणजे भरलेल्या सिद्धेश्वरचा चौथा हिस्सा एकटे केंद्र पिऊन टाकेल, आणि धरण दरवर्षी भरतेच असे कुठे आहे? ही भीती कल्पनेतली नाही. परळीच्या औष्णिक केंद्राने ती भोगली आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून तिथले सगळे संच बंद करावे लागले, २०१५ च्या दुष्काळात पुन्हा तीच वेळ आली. मराठवाड्यात वाफेवर चालणारे कोणतेही केंद्र, मग इंधन कोळसा असो की युरेनियम, उन्हाळ्यात माणसांच्या हंड्याशी स्पर्धा करणार. छोट्या अणुभट्ट्या कारखान्यांच्या शेजारी कुठेही बसवता येतील असे सांगितले जाते. भट्टी छोटी झाली म्हणून दर युनिटमागची तहान छोटी होत नाही. जलविद्युतही इथे पाण्याच्या कृपेवरच : सिद्धेश्वरच्या वर येलदरीला २२.५ मेगावॅटचे केंद्र आहे, धरणातून पाणी सुटले तर वीज, नाही तर शांतता. सौर पट्ट्याला पाणी लागते ते धूळ धुण्यापुरते.

इथे थोडे थांबून एक गैरसमज दूर करू. औंढा नागनाथजवळ अणुऊर्जा विभागाचा मोठा प्रकल्प उभा राहतो आहे, तो लायगो-इंडिया. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. 'अणुऊर्जा' हे नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही. तिथे अणुभट्टी नाही, वीजनिर्मितीही नाही. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांमध्ये लेझर किरण सोडून गुरुत्वीय लहरी पकडायची ती वेधशाळा आहे. जमिनीची थरथर कमी, म्हणून ही जागा पसंत पडली.

किरणोत्साराच्या भीतीबद्दलही सरळ बोलले पाहिजे, कारण सौरविजेच्या बाजूने बोलणारे बरेच जण ती भीती विकतात. शंभर कोटी युनिट वीज तयार करताना अपघात आणि प्रदूषण मिळून किती माणसे दगावतात, याचे जागतिक हिशेब उपलब्ध आहेत. कोळशाच्या विजेला सुमारे २५ मृत्यू. अणुविजेला ०.०३, चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरून. सौरविजेला ०.०२. कोळशाचा आकडा प्रामुख्याने युरोपातल्या केंद्रांवरून काढलेला आहे. आपला राखेचा कोळसा आणि दाट वस्ती पाहता तो इथे कमी असण्याचे कारण दिसत नाही. केरळात करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर थोरियमयुक्त वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सार नेहमीपेक्षा कितीतरी पट आहे. तिथल्या हजारो लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा त्यामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. फुकुशिमात किरणोत्सारापेक्षा घाईघाईने केलेल्या स्थलांतराने जास्त माणसे मेली, त्यातही रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून हलवलेले म्हातारे अधिक. परळी, चंद्रपूरच्या माणसाने छातीवर हात ठेवून विचारले की आमच्या फुप्फुसांचा शत्रू कोण, तर उत्तर कोळशाची राख आणि धूर हेच आहे. अणू आणि सूर्य दोघेही त्याच्या तुलनेत सज्जन.

मग अणुविजेवर माझा आक्षेप कशाला? वेळेला. जैतापूरला पर्यावरण मंजुरी मिळाली नोव्हेंबर २०१० मध्ये. प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. माडबन परिसरातली ९३८ हेक्टर जमीन गेली, २०११ मध्ये आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार तरुण मेला, फ्रेंच कंपनी बदलून दुसरी आली. एकाही भट्टीचे काँक्रीट अजून पडलेले नाही. ज्या नमुन्याची भट्टी आपण घेणार, त्याच नमुन्याची फ्रान्समधली फ्लामनव्हिल भट्टी २००७ ला सुरू झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पहिल्यांदा तिची वीज वाहिनीत आली. खर्च चौपट झाला. सगळे खापर परदेशी कंपन्यांवर फोडायलाही नको. गुजरातेत काकरापारची तिसरी भट्टी पूर्ण स्वदेशी. काम सुरू २०१०, व्यापारी उत्पादन २०२३. २०१० मध्ये देशात सौरवीज नावापुरती होती. आज वर्षभरात ती अणुविजेच्या दुपटीहून जास्त युनिट देते. हिंगोलीत आज जो तिशीतला शेतकरी रात्री पाणी देतो, त्याचे गुडघे नव्या अणुभट्टीची वाट पाहत दुखायला लागतील. आणि भट्टी आलीच, तर तीही रात्रीची वीज खपवायला त्याच्याचकडे येईल.

सौरविजेची बाजू मांडताना मात्र तिची बिले लपवता कामा नयेत. पहिले बिल जमिनीचे. एका मेगावॅटला साधारण चार एकर लागतात आणि वर्षाला सोळा लाखांच्या आसपास युनिट मिळतात. जैतापूर ८० टक्के क्षमतेने चालले तर जितकी वीज देईल, तितकी सूर्याकडून घ्यायची तर सुमारे ४३ हजार मेगावॅटच्या पट्ट्या आणि पावणेदोन लाख एकर जमीन लागेल. हिंगोली जिल्ह्याच्या एकूण क्षेत्रफळाचा हा सातवा हिस्सा. गायरानावर पट्ट्या टाकायच्या तर त्या गावची जनावरे आणि मेंढपाळांचे वाडे कुठे जायचे, हे ग्रामसभेत आधी ठरले पाहिजे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली, त्यांच्या पुनर्वसनाचे रडगाणे न्यायालयापर्यंत गेले. सौर प्रकल्पाने माणसे उठवली तरी दुःख तेच असते.

दुसरे बिल रात्रीचे, आणि ते मोठे आहे. राज्याची कमाल मागणी आता ३० हजार मेगावॅटच्या घरात जाते. संध्याकाळी सातला सूर्य मावळलेला आणि घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर चालू. ती वीज आज मुख्यतः कोळसा देतो. तो हटवायचा तर एकतर दुपारची वीज साठवायची किंवा रात्रीही चालणारे स्वच्छ केंद्र हवे. साठवणीला बॅटऱ्या आहेत आणि पाणी वर चढवून रात्री खाली सोडणारी उदंचन केंद्रे आहेत. घाटघरला २५० मेगावॅटचे असे केंद्र २००८ पासून चालू आहे. बॅटऱ्या वेगाने स्वस्त होत आहेत, पण त्या चार-सहा तासांच्या कामाच्या. पावसाळ्यात सलग आठ दिवस ढग असले तर त्या पुरत नाहीत. तिथे अणुविजेला खरी जागा आहे : किनाऱ्यावर, मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना, रुग्णालयांना आणि लोकलला चोवीस तास लागणाऱ्या विजेसाठी, कोळशाच्या बदल्यात. तारापूर १९६९ पासून हेच करत आले आहे. देशाच्या विजेत अणूचा वाटा आज तीन टक्क्यांच्या आसपास आहे; तो वाढायला हरकत नाही. फक्त तो वाढेपर्यंत बाकीचे थांबा म्हणून सांगू नये.

तिसरे बिल सौर पंपांचे. इथे मराठवाड्यात तक्रारी भरपूर आहेत आणि त्या खोट्या नाहीत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत पाचचा, त्यापुढे साडेसातचा. पण बोअरचे पाणी खोल गेले की तीनचा पंप घाम काढतो. वादळी वाऱ्याने पट्ट्या उडाल्या तर कंपनीचा माणूस कधी येईल याचा भरवसा नाही. सकाळी ऊन चढेपर्यंत धार बारीक, आभाळ आले की बंद. शिवाय पट्ट्या वर्षातले कितीतरी दिवस, पावसाळाभर, रिकाम्या बसून असतात. त्यांची वीज दुसऱ्या कोणाच्या कामी येत नाही. वीज फुकट म्हणून उपसा वाढून विहिरींचे पाणी लवकर तळाला जाण्याचा धोका वेगळाच. काळ्या खडकाच्या आपल्या भूगर्भात पाणी मुरते कमी आणि साठतेही कमी.

म्हणून प्रत्येक शेतात वेगळा पंप लावण्यापेक्षा अख्खा फीडर सौरविजेवर आणणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० हेच करते. गावच्या उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा प्रकल्प, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला, शेतकऱ्याची जुनी मोटर आणि जुनी जोडणी तशीच. आभाळ आले तर वाहिनीतली दुसरी वीज आहेच आणि पावसाळ्यातली जास्तीची वीज वाहिनीत जाते. या योजनेत राज्यभर १६ हजार मेगावॅटचे उद्दिष्ट आहे, दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास. पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, तीन मेगावॅटचा. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे, दरवर्षी तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षे पाच-पाच लाख रुपये. वसमत, कळमनुरीच्या हळदवाल्याला हे सोयीचे आहे, कारण हळदीला पावसानंतरचे सगळे पाणी ऑक्टोबर ते जानेवारीच्या स्वच्छ उन्हात लागते. हळद उकडून वाळवल्यावर पॉलिश करायचे यंत्रही फेब्रुवारी-मार्चच्या दुपारीच फिरते.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून वीजबिल माफ आहे. बिल माफ झाल्यावर शेतकऱ्याच्या हातात वीज कंपनीशी भांडायचे एक हत्यार कमी झाले, हेही खरे : पैसेच देत नाही तो वेळेबद्दल काय बोलणार, असा सूर कचेरीत ऐकू येतो. बोलले पाहिजे. ही माफी राज्याच्या तिजोरीतून भरली जाते आणि रात्रीच्या महाग, कोळशाच्या विजेपेक्षा दुपारची तीन रुपयांची वीज तिजोरीलाही परवडते.

तेव्हा येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारता येतील. आपला कृषी फीडर गावठाणच्या फीडरपासून वेगळा झाला आहे का? आपल्या उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत खासगी किंवा दहा किलोमीटरच्या आत सरकारी, चराईला न लागणारी पडीक जमीन कोणती? आणि प्रकल्प मंजूर असेल, तर या रब्बीत रात्रीची पाळी नेमकी कोणत्या तारखेपासून बंद होणार?